आधी रक्त तपास, मग टॉनिकचं बघू

खानापूर तालुक्यातल्या एका बाईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देते.

"अक्का, मला एकेरीच बोलवा, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. वय 36. बेळगावात साडीच्या दुकानात कामाला आहे. सकाळी 5 ला उठून स्वयंपाक, डबे, धुणं उरकून 8 ची बस धरते, दिवसभर उभी असते, घरी यायला साडेसात, परत स्वयंपाक, झोपायला साडेअकरा. गेलं वर्षभर अंगात जीवच नाही. साड्यांचा गठ्ठा घेऊन वरच्या मजल्यावर गेलं की धाप लागते, पाय ओढतात, केस गळतात, कुणी जरा बोललं की रडू येतं. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय लागलीय, सुटता सुटत नाही. पाळी 7-8 दिवस चालते. गावातल्या डॉक्टरकडं दोनदा सलाईन लावून घेतलं, दोन दिवस बरं वाटलं. मेडिकलमधनं टॉनिक आणलं, बीट खाल्लं, खजूर खाल्ला. सासूबाई म्हणतात आम्ही शेतातलं करून घरचं करत होतो, तुमच्यात दमच नाही. खरंच माझ्यात दम नाही का? काय खाऊ म्हणजे ताकद येईल? जास्त वेळ लागणार नाही असं काहीतरी सांगा."

हे बघ, पहिलं उत्तर तुझ्या 'दम नाही का'चं देते, कारण बाकीच्या पत्रापेक्षा तेच वाक्य मला जास्त लागलं. पहाटे 5 ला उठून रात्री साडेअकरापर्यंत पायावर उभी असलेली, वर्षभर अंगात जीव नसताना एक दिवस बस न चुकवलेली बाई आळशी नसते गं. तू आजारी आहेस असं मला वाटतंय, आणि तो आजार बहुतेक सापडणारा आणि बरा होणारा आहे. आता मी आहाराचं काम करते, पत्रावरनं निदान करणं माझं काम नव्हे, पण तू पत्रात दोन गोष्टी अगदी सहज लिहून पुढं गेलीस आणि मी त्या दोनच ठिकाणी थांबले.

एक म्हणजे कच्चे तांदूळ. तांदूळ, खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ असलं खावंसं वाटणं ही जिभेची खोड म्हणून आपण हसण्यावारी नेतो, पण शरीरातलं लोह कमी झाल्यावर अशी तल्लफ येते हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतंय. लोह भरायला लागलं की बऱ्याचदा ती आपोआप जाते, मनावर दगड ठेवून सोडावी लागत नाही. दुसरी गोष्ट पाळी. ती तू एका ओळीत लिहिलीस, किती जाते ते लिहिलंच नाहीस. तास-दोन तासाला पॅड बदलायला लागतंय का, गाठी पडतात का, रात्री उठायला लागतंय का? असं होत असेल तर ते जास्त जाणं आहे, 'आमच्याकडं सगळ्यांचं असंच' म्हणून सोडायचं नाही.

याचा हिशेब एकदा समजून घे, म्हणजे बीट-खजूर खाऊन का भागलं नाही ते कळेल. एक मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतंय. पाळीत 80 मिलीलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त धरतात, म्हणजे एका पाळीत 40 मिलीग्रॅम लोह गेलं. आणि तू जे खातेस त्यातनं शरीर दिवसाला शोषून किती घेतंय, तर 1 ते 2 मिलीग्रॅम, त्यातलंच रोजच्या झिजेला जवळजवळ 1 जातंय. पगार आहे तेवढाच आणि खर्च दुप्पट असलेल्या घरासारखं झालंय, आधी साठवलेलं संपतं आणि मग ओढाताण चालू होते. लोह नसलं की हिमोग्लोबिन बनत नाही, हिमोग्लोबिन नसलं की अंगाला प्राणवायू पुरत नाही, मग जिना चढताना छाती भात्यासारखी चालणार नाही तर काय होईल. आणि तू एकटी नाहीस यात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांत रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! आणि त्यातल्या कितीतरी जणींना घरात 'दम नाही' हेच ऐकायला मिळत असणार.

म्हणून आधी तपासणी. एक दिवस रजा काढ, सुट्टीच्या दिवशी ओपीडी बंद असते म्हणून रजाच काढ, आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा बेळगावात सिव्हिलला जा, बस तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना फुकटच आहे. गृहलक्ष्मीचे, म्हणजे सरकार घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला देतं ते पैसे घरात येत असतील तर त्यातले थोडे यासाठी बाजूला काढायला घरी सांग, कुणाच्या नावावर का येईनात. तिथं रक्ताची पूर्ण तपासणी म्हणजे सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, शुगर आणि जमलं तर बी-12 एवढं करून द्या म्हणायचं. सीबीसीत हिमोग्लोबिन बघतात, बायकांत 12 च्या खाली आलं की कमी. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, तो 15 च्या खाली म्हणजे कोठार रिकामंच, पण बरेच डॉक्टर 30 च्या खाली असलं तरी औषध चालू करतात. फेरिटिनसाठी मी एवढी मागं लागतेय कारण कधी कधी हिमोग्लोबिन 12 च्या वर असतंय, डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे, बाई रिपोर्ट घेऊन घरी येते आणि थकलेलीच राहते, साठा मात्र कुणी बघितलेलाच नसतो. थायरॉइड कमी असेल तर थकवा पण येतो, केस पण गळतात, पाळी पण जास्त जाते, तुझ्या तिन्ही तक्रारी त्यात बसतात म्हणून तीपण बघायलाच पाहिजे. आणि पाळीचं डॉक्टरांना स्वतःहून सांग, गर्भाशयात गाठ आहे का ते सोनोग्राफीत कळतंय, कॉपर-टी बसवलेली असली तर तेपण सांग. तिथं कन्नडमध्ये विचारलं आणि नीट सांगता आलं नाही तर लाजून नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हणून परत यायचं नाही, सगळं चिठ्ठीवर लिहून ने, नाहीतर कन्नड येणारी एखादी मैत्रीण बरोबर घे, दुकानात असेलच की कोणीतरी.

सलाईनबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण आपल्या भागात खेडोपाडी अशक्तपणा म्हटलं की आधी बाटली लावतात. 5 टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाण्यात 25 ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. त्यात लाल-पिवळं इंजेक्शन टाकलं की रंग बदलतो, बाई दोन तास आडवी पडते, घरात कुणी हाक मारत नाही, म्हणून बरं वाटतं. मला तर वाटतं तुला त्या दोन दिवसांत जे बरं वाटलं त्यात आडवं पडण्याचाच वाटा मोठा होता. उलट्या-जुलाबात सलाईन जीव वाचवतंय, ते वेगळं, पण रक्त कमी असेल तर त्या बाटलीनं ते वाढत नाही. टॉनिकचंपण तसंच, काहींत लोह असतंय पण किती ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आपण ते दोन चमचे जेवणावर घेतो आणि वर चहा पितो.

लोह कमीच निघालं तर गोळ्या घ्यायला लागतील, त्याला पर्याय शोधत बसू नकोस. रिकामं झालेलं कोठार नुसत्या जेवणातनं भरायला फार वेळ लागतो, आणि पाळी जास्त जात असेल तर भरतच नाही. सरकारी दवाखान्यात लोह आणि फोलिक अॅसिडची लाल गोळी फुकट मिळते, एका गोळीत 60 मिलीग्रॅम लोह असतंय. आशाताई आठवड्याला एक देतात ती रक्त कमी होऊ नये म्हणून, कमी झालेलं भरायला डोस वेगळा लागतो, रोज एक का एक दिवसाआड एक ते डॉक्टर ठरवतील. एक दिवसाआड घेतली तरी शोषण चांगलं होतंय आणि पोटाला त्रास कमी होतो, त्यामुळं मळमळ झाली तर सोडून द्यायच्या आधी हे विचार. तुझ्या दिवसात सगळ्यात सोपी वेळ पहाटे 5 ची आहे, उठलीस की गोळी आणि कोमट पाण्यात लिंबू पिळून ते, आणि चहा त्यानंतर तासाभरानं. उपाशीपोटी मळमळत असेल तर काहीतरी थोडं खाऊन घे. दूध, कॅल्शियमची गोळी, अॅसिडिटीची गोळी हे त्याच वेळी नको. थायरॉइडची गोळी चालू झाली तर दोन्हीत 4 तासाचं अंतर पाहिजे. शौचाला काळी होईल, घाबरायचं नाही, पण गोळी चालू नसतानाच काळी डांबरासारखी होत असेल तर मात्र लगेच दाखव. आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, लहान पोरांनी मूठभर गोळ्या गिळल्या तर जिवावर बेततंय. दोन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन वर यायला लागतंय, जिना आधीपेक्षा सोपा वाटतो, आणि इथंच बायका गोळ्या बंद करतात. तिथं बंद करायच्या नाहीत. हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावर पुढं साधारण 3 महिने घ्यायला लागतात, तेव्हा साठा भरतो. आणि नियमानं घेऊनपण वाढलंच नाही तर डॉक्टरांना परत भेट, थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात आजार आहे का ते बघतात.

आता तुझा खरा प्रश्न, काय खाऊ. त्याच्या आधी मी विचारते, कधी खातेस? तुझ्या पत्रात डबे आहेत, सगळ्यांचे आहेत, पण सकाळी तू काय खातेस ते कुठंच नाही. म्हणजे पहाटे चहा, बस गाठायच्या आधी परत चहा आणि त्यात बुडवून खारी नाहीतर टोस्ट, दुकानात अकराला मालकांचा चहा, डबा उघडायला दोन वाजतात, त्यात भात-आमटी, आणि डबा धुतला की परत चहा. बरोबर ना? दहापैकी नऊ नोकरदार बायकांचं असंच असतंय की नाही ते तूच दुकानात बघ.

या सगळ्यात दुपारच्या जेवणावरचा तो चहा सगळ्यात महाग पडतो. चहातले टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून जास्त कमी करतात, कॉफीपण करते, थोडी कमी. तू मटकीची उसळ खाल्लीस, पालेभाजी खाल्लीस, आणि वर कपभर चहा प्यालीस तर खाल्लेलं बरंचसं तसंच जातंय. चहा सोड म्हणत नाही, बेळगावच्या पावसात उभं राहून काम करणाऱ्या बाईला चहा सोड म्हणणं मला जमत नाही. फक्त हलव. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही, एवढाच नियम. अकराचा चहा ठेव, दोनचा चहा साडेतीनला कर. आणि दोनच्या डब्यात लिंबाची एक फोड ठेव, आमटीवर पिळायची. लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो यातलं क जीवनसत्त्व डाळी-भाजीतलं लोह शोषायला मदत करतंय. म्हणजे तुला नवीन काही शिजवायचं नाही, चहा तासभर सरकवायचा आणि लिंबू कापायचं. वेळ न लागणारं सांगा म्हणालीस, हे त्यातलं पहिलं.

दुसरं, बस धरायच्या आधी खाऊन निघायचं. बसून खाता आलं नाही तर उभ्यानं खा पण खा. रात्रीची जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी आणि एक उकडलेलं अंडं, पाच मिनिटं. भाकऱ्या थापायला वेळ नसेल तर कडक भाकरीचं पाकीट बाजारात मिळतंय, ती आठवडाभर राहते, दुकानात ठेवली तरी चालते. नाचणीची आंबील रात्री करून ठेवली तर सकाळी ताक घालून नुसती प्यायची आहे. नाचणीबद्दल एक सांगते, तिच्यात लोह भरपूर असतंय असं सगळे म्हणतात, पण तिची खरी ताकद कॅल्शियम, लोहासाठी बाजरी बरी, 100 ग्रॅमला 6 मिलीग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात 1 पण नसतंय. खानापूर म्हणजे भाताचा पट्टा, आपलं तीन वेळा भातावर चालतंय, त्यातली एक वेळ तरी भाकरीवर आण. आणि हुलगे, म्हणजे कुळीथ! आपल्या आज्या पावसाळ्यात हुलग्याचं माडगं करायच्या, आता ते कुणी करत नाही, बैलाचं खाणं म्हणून ठेवून दिलंय. आठवड्यातनं दोनदा हुलगे किंवा मटकी मोड आणून कर, मोड आणल्यानं धान्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य कमी होतंय. पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी लोखंडी कढईत कर, आंबट भाजीत कढईतलं थोडं लोह उतरतंय.

बीट खाल्लंस ते वाया गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नको, भाजी म्हणून चांगलंच आहे, पण ते लाल आहे म्हणून रक्त वाढवतं ही समजूत आहे, 100 ग्रॅम बीटमध्ये 1 मिलीग्रॅमच्या आतच लोह असतंय. तुझ्या वयाच्या बाईला दिवसाला आहारातनं 29 मिलीग्रॅम पाहिजे असं आपल्याकडची पोषण संस्था सांगते. पुरुषाला 19. हा आकडा घरात सगळ्यांना वाचून दाखव, कारण ताटात नेमकं उलटं असतंय. रविवारी मटण झालं की फोडी कुणाच्या ताटात जातात? आधी मुलं, मग नवरा, पाहुणा असला तर पाहुणा, आणि शेवटी तू पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा भातावर घेऊन बसतेस. मटणातलं, कलेजीतलं, सुकट-बांगड्यातलं लोह डाळीतल्यापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातंय, आणि घरात ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. वाढायला तूच असतेस ना, मग आधी स्वतःच्या दोन फोडी वाटीत काढून झाकून ठेव. कुणाच्या तोंडचं काढून घेतेयस असं वाटू देऊ नको, ते औषध आहे. घरात चालत नसेल तर अंडं, डाळी, दूध-दही वाढव आणि बी-12 ची तपासणी चुकवू नको, कारण ते भाजी-भाकरीत मिळत नाही.

दुकानात पाणी पितेस का? बाथरूमची सोय नीट नसते म्हणून दिवसभर घोट-घोट पिऊन काढणाऱ्या बायका मला माहीत आहेत, डोकं दुखतंय, दुपारनंतर गळून जायला होतंय, त्यात याचा हात असतोय. मालकिणीशी एकदा बोल, गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल आणि बाथरूम, दोन्ही मागण्यात काही चुकीचं नाही. व्यायामाच्या नादाला आत्ताच लागू नको, धाप लागत असताना धावणं-बिवणं नको, रक्त वाढलं की जेवून दहा-पंधरा मिनिटं चाल, तेवढं पुरे.

झोपेचं मात्र कठीण आहे आणि ते तुझ्या एकटीच्या हातात नाही. साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तास, माणसाला 7 तास लागतात, यात कुठलंही खाणं भर घालू शकत नाही. म्हणून नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. दादा, तिच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तरी रात्रीची भांडी आणि सकाळचं पाणी भरणं तुमच्याकडं घ्या, मुलांचे डबे मुलांनी स्वतः भरू देत, एवढ्यानं तिला रात्री दहा-साडेदहाला पाठ टेकता येईल.

रडू येतंय म्हणालीस. रक्त कमी असलं, झोप नसली की माणूस हळवं होतं, ते खरं, पण दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटत असेल तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लाव. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, पायावर सूज आली, वजन उतरायला लागलं किंवा संध्याकाळचा ताप राहिला तर रजेच्या दिवसाची वाट बघू नको, त्याच दिवशी दाखव.

सासूबाईंशी वाद घालू नको. त्यांनी खरंच केलंय तेवढं, आणि त्यांच्याही वाट्याला रस्साच आला असणार, त्यांना कुणी विचारलं नाही एवढंच. दवाखान्यात जाताना त्यांनापण ने, त्यांचंही रक्त तपासून घे, या वयात शुगर आणि थायरॉइड बघायलाच पाहिजेत. मुलीचं वय तू लिहिलं नाहीस, पण पाळी सुरू झाली असेल तर शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती खरंच खाते का दप्तरात ठेवते ते विचार.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच हे तीन आकडे आणि पाळीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते लिहून पाठव, त्यावरनं डब्याचं पुढचं ठरवूया.